दत्ताराम घाडी यांच्या दाढेबाबत हरकती व सूचना

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका लोखंडकामाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या दत्ताराम घाडी यांची खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी दाढ मार्च महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुखू लागली. प्रकरण एवढंच होतं. पुढे त्याला जे काही फुटवे आले, त्यात दाढेचा काहीही दोष नव्हता हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

दत्ताराम रिगर होता. क्रेनने लोखंड कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, हे शिटी वाजवून आणि हात दाखवून सांगणाऱ्या माणसाला तिकडे रिगर म्हणतात. बावीस वर्षं त्याच्या शिटीवर तुळया उठल्या होत्या, बसल्या होत्या. पण आता शिटीत फुंकर मारली की वारा थेट दाढेच्या खड्ड्यात शिरायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून त्याने शिटी खिशात घातली आणि तोंडाने "यल्ला!", म्हणजे अरबीत "चल!", असं ओरडायला सुरुवात केली. वर घे, खाली सोड, थांब, या तिन्हींसाठी एकच "यल्ला!" असल्यामुळे एका मंगळवारी क्रेनवाल्याने दोन टनांची तुळई सुपरवायझरच्या जेवणाच्या डब्यावर अलगद नेऊन ठेवली. सुपरवायझरने सपाट झालेल्या डब्याकडे बघत सांगितलं, "जूनअखेरपर्यंत शिटी वाजली नाही तर हेल्पर. खलास."

कंपनीच्या विम्यात माणूस हिरड्यांपर्यंत येत होता. दात ही त्याची खासगी हौस समजली जाई. दत्ताराम एकदा एका दवाखान्यात जाऊन आला. तिथे सांगितलेला दिरहमचा आकडा त्याने मोठ्याने रुपयांत बदलला आणि दाढ तोंडातच ठेवायचं ठरवलं.

तेवढ्यात एक चांगली गोष्ट घडली, आणि ती चांगली असल्यामुळेच तिची वाट लागली. अबुधाबीतल्या डॉक्टर मुग्धा यांनी तिथल्या मराठी लोकांच्या सागरपार स्नेह मंडळाला कळवलं, की त्या एका रविवारी दवाखान्याची दातांची गाडी घेऊन कामगारांच्या वसाहतीवर येतील आणि फुकट दात बघतील. तिथली सरकारी परवानगी त्यांनी फोनवरून मागितली होती आणि ती दोन दिवसांत आलीही होती. आता उरलं होतं फक्त आपल्या माणसांचं काम.

मंडळाचे मानद सेवा समन्वयक होते शैलेंद्र दामले. ते एका बँकेत नियमपालन विभागात होते आणि त्यांचा स्वभावही त्याच विभागात होता. डॉक्टरबाईंनी त्यांना सहज विचारलं, "अंदाजे किती पेशंट असतील हो?" शैलेंद्र गंभीर झाले. संख्या म्हणजे माहिती, आणि माहिती म्हणजे माहिती संकलन. त्याच महिन्यात मुंबईहून 'सागरपार सेवा कार्यक्रम माहिती संकलन कक्षा'चं परिपत्रक आलं होतं, की यापुढे परदेशातल्या मराठी बांधवांची कसलीही सेवा करायची झाल्यास प्रथम त्यांची माहिती 'नमुना सा-७' मध्ये गोळा करावी.

"तारीख कळवतो, मॅडम," शैलेंद्र म्हणाले. मराठी सार्वजनिक जीवनात या वाक्यानंतर आजवर कुणालाही तारीख कळलेली नाही.

नमुना सा-७ चौदा पानांचा होता. त्यात अर्जदाराच्या आजोळचा तालुका होता, घरात शिलाई मशीन आहे काय हा प्रश्न होता, स्वयंसेवेविषयी अर्जदाराचं मत दहा ओळींत मागितलं होतं आणि 'दातांची संख्या' यापुढे 'स्वतःचे' आणि 'इतर' असे दोन चौकोन होते. काही दुखतं का, हा प्रश्न मात्र कुठे नव्हता. आणि हा नमुनासुद्धा अजून कच्चाच होता. तो पक्का होण्याआधी त्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागवणं बंधनकारक होतं. मुदत साठ दिवस.

शैलेंद्र स्वतः गाडी चालवत वसाहतीवर आले आणि भोजनगृहाच्या दारावर, आमटीच्या वेळापत्रकाशेजारी, त्यांनी नोटीस डकवली. 'सदर नमुना भरण्यास प्रत्येक नागरिकास सरासरी अकरा मिनिटे लागतील असा अंदाज आहे. अंदाज चुकीचा वाटल्यास अथवा नमुन्याबाबत अन्य काही हरकत असल्यास ती लेखी कळवावी.'

"कुणावर केस झाली काय?" दत्तारामच्या खोलीत राहणाऱ्या भिवाने विचारलं.

"केस नाही. हरकत घ्या म्हणतायत," दत्ताराम गाल धरून म्हणाला.

"आपण? हरकत?" भिवाने आधी मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. "अरे दत्ता, हे पकडायला लावलंय."

भिवाचं चूक नव्हतं. आखातात माणूस जगतो अन्नावर, पण राहतो ना-हरकत पत्रावर. गाडी शिकायची तर कंपनीचं ना-हरकत पत्र, नोकरी बदलायची तर ना-हरकत पत्र, घरमालकाचं, बँकेचं, वेळप्रसंगी बायकोचंसुद्धा. हरकत हा शब्द या मंडळींनी 'नाही' जोडल्याशिवाय कधी ऐकलाच नव्हता. सरकारी कागदावर तो शब्द दिसल्याबरोबर काय करायचं, हे हातांनाच पाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून वसाहतीच्या कचेरीपुढे रांग लागली. ज्याने त्याने कंपनीच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह, नमुना सा-७ ला आपली कोणतीही हरकत नसल्याचं पत्र करून घेतलं. साठ दिवसांत तीनशे बारा पत्रं जमली. दत्तारामचंही त्यात होतं. त्याच्या पत्रावर दोन शिक्के होते, कारण त्याला घाई होती.

पत्रांचा गठ्ठा मुंबईला पोचला आणि कक्ष अधिकारी विघ्नेश परुळेकर यांचा फोन आला. शैलेंद्रनी तो भोजनगृहात सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"हे काय पाठवलंत दामले? माझ्या नोंदवहीत दोनच रकाने आहेत. हरकती आणि सूचना. ही पत्रं मी चिकटवू कुठे?"

"सर, एकमताने मान्यता आहे."

"तीच तर अडचण आहे. एकही हरकत आली नाही याचा अर्थ नोटीस लोकांपर्यंत पोचलीच नाही. तपासणीला मी काय दाखवू? तीस दिवस मुदत वाढवा. आणि त्या अकरा मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी घ्या, तोवर."

चाचणीसाठी दत्तारामची निवड झाली, कारण तो दुखण्यामुळे बसूनच होता. शैलेंद्रनी मोबाइलवर घड्याळ लावलं. दत्ताराम तिसऱ्या पानावर 'स्वतःचे' दात जिभेने मोजू लागला, आणि जीभ शेवटून दुसऱ्या दाढेला लागताच मोठ्याने कळवळला.

"काका, प्लीज, मध्ये कण्हू नका. टायमिंग चुकतं," शैलेंद्र म्हणाले.

फॉर्म एक तास दहा मिनिटांत भरून झाला. अकरा मिनिटांचा अंदाज बरोबर असून उरलेला वेळ नागरिकाचा वैयक्तिक असल्याचा शेरा शैलेंद्रनी मारला. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की तो दत्तारामची दाढ काढतो आहे.

जून उजाडला. बाहेर उन्हाने पत्रे वाजत होते आणि दत्तारामचा गाल जांभळाएवढा होता तो आंब्याएवढा झाला. तीस दिवसही संपत आले, पण हरकत काही येईना. शेवटी शैलेंद्र त्याच्या खोलीवर आले आणि खाटेच्या कडेला बसले.

"काका, तुमच्यापुढे हात जोडतो. एक हरकत घ्या. फक्त एक. अर्जंट आहे."

"साहेब, बावीस वर्षांत मी कशालाच हरकत घेतली नाही. आमटीत डाळ नसते तरी घेतली नाही."

"छोटीशी घ्या. फॉन्ट लहान आहे म्हणा."

"मला कुठे वाचता येतंय या दुखण्यात?"

"पानं जास्त आहेत म्हणा."

"असू देत. तुमचीच आहेत."

"मग काहीतरी म्हणा हो काका! मॅडम तयार आहेत, गाडी तयार आहे, तुमच्या एका हरकतीवाचून सगळं अडलंय!"

आणि तेव्हा दत्ताराम उठून बसला. दुखण्याने असेल, रागाने असेल, त्याच्या तोंडून स्पष्ट शब्द बाहेर पडले. "दाढ माझी. तोंड माझं. उपटणारी बाई तयार. मग मधे हा कागद कशाला? ह्या कागदालाच माझी हरकत आहे!"

भिवाने जाऊन दार लावून घेतलं. शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका! ग्रेट! हबीबी!" म्हणत त्यांनी दत्तारामला मिठी मारली, ती नेमकी उजव्या बाजूने.

मुंबईतही आनंदीआनंद झाला. "अभिनंदन," विघ्नेश परुळेकर म्हणाले. "आता सुनावणी. पण सुनावणी एकतर्फी होत नाही. घाडींच्या हरकतीवर इतर कुणाची हरकत आहे का, ते विचारायला लागेल. सात दिवस द्या."

"सर, आमचे लोक हरकत घेतच नाहीत. पुन्हा तीनशे बारा ना-हरकत पत्रं येतील."

"विचारून तर बघा," परुळेकर म्हणाले. नोकरीत त्यांचे केस पांढरे झाले होते, ते उगाच नव्हे.

नोटीस निघाली. दत्तारामचा सुजलेल्या गालाचा फोटो, खाली त्याची हरकत, आणि खाली प्रश्न, की यावर आपली काही हरकत आहे काय. शैलेंद्रनी ती देरा, अजमान, अबुधाबी अशा सगळीकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर टाकली. सात दिवस थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाशे चाळीस हरकती आल्या.

छापील कागद नाही, शिक्का नाही, कुणाची परवानगी नाही. लोकांना जणू वाचा फुटली होती. अजमानच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की अशा माणसांमुळेच समाज मागे राहतो. देऱ्यातल्या एकाने विचारलं, की आमच्या वेळी काय दाढा दुखत नव्हत्या? बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, की गाल मुद्दाम फुगवलेला वाटतो. काहींनी तर दत्तारामला नेमकं कोण पढवतं याची चौकशी करण्याची सूचनाही केली. त्यामुळे परुळेकरांचा दुसरा रकानाही भरला.

यादीत सतराव्या क्रमांकावर भिवाचं नाव होतं.

"तू पण?" दत्तारामने विचारलं.

"अरे, सगळे लिहीत होते. मी एकटा गप्प बसलो असतो तर तुझ्या बाजूचा समजले असते," भिवा म्हणाला, आणि दत्तारामसाठी केलेली पातळ पेज त्याने पुढे सरकवली. दत्तारामला फार वाईट वाटलं. पण भूक लागली होती, म्हणून पेज घेतली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. "हरकतदाराचं म्हणणं काय?" असं परुळेकरांनी विचारलं. तोवर दत्तारामचा जबडा बोटभरही उघडत नव्हता. तो मोठ्या कष्टाने "हं" म्हणाला. 'हरकतदाराने होकार दिला' अशी नोंद होऊन हरकत फेटाळण्यात आली. प्रचंड लोकसहभागाबद्दल समाधान व्यक्त करून नमुना सा-७ कायम करण्यात आला. आणि ज्याने नमुन्यालाच हरकत घेतली त्याला त्या नमुन्याचा लाभ देणं नैतिकदृष्ट्या योग्य नसल्याने, दत्ताराम घाडी यांना पुढील एक वर्ष लाभार्थी यादीतून वगळण्यात आलं. महिना संपायला चार दिवस उरले होते.

त्या सहाशेचाळीसांच्या गटांपैकी एका गटात डॉक्टर मुग्धाही होत्या. फोटो पाहून त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांना तो गाल मुद्दाम फुगवलेला दिसला नाही, पू झालेला दिसला. रविवारी सकाळी त्यांची गाडी वसाहतीच्या फाटकात उभी राहिली.

"काका, कुठली?" त्यांनी विचारलं. दत्तारामने बोट दाखवलं. तोंड उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली, दाढ यायला चार. बाईंनी ती कापसात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवली आणि गोळ्या दिल्या. तीस तारखेला दत्तारामने अशी शिटी मारली की शेजारच्या दोन कारखान्यांच्या क्रेनही जागच्या जागी थांबल्या. सुपरवायझरने फक्त नवा डबा उचलून दूर नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात शैलेंद्रनी सहाशे चाळीस हरकतींची प्रत आणून दिली. ती मिळणं हा हरकतदाराचा हक्क होता, आणि शैलेंद्र हक्काच्या बाबतीत काटेकोर होते. जेवण झाल्यावर दत्ताराम आणि भिवा ती वाचत बसले. शेवटच्या पानावर एक हरकत होती. 'मी नमुना सा-७ वाचलेला नाही. या गृहस्थांना मी ओळखत नाही. माझे सर्व दात उत्तम आहेत. तरीही त्यांच्या हरकतीला माझी तीव्र हरकत आहे.' खाली नाव नव्हतं.

दत्तारामने ती दोनदा वाचली. "कोण असेल रे हा माणूस?"

"शिकलेला असणार," भिवा म्हणाला. "शुद्धलेखनाची एक चूक नाही बघ. चांगला घरात बसून तुझी सगळी हकिकत वाचत असेल, पहिल्यापासून पार शेवटपर्यंत."

"आणि करत काय असेल?"

"करणार काय? हसत असेल."