श्रावणभाऊंचा अंगठा

श्रावणभाऊ कुणाकडेही गेले की आधी यंत्राची विचारपूस करतात, मग माणसांची. मळणीयंत्र असो, कडबाकुट्टी असो की माझी पिठाची चक्की; मशीन बंद करायला लावायचं आणि पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचा. फार दबला तर सैल, दबलाच नाही तर ताठ. "वैद नाडी पाह्यते, मी पट्टा पाह्यतो," म्हणतात.

चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते जन्मभर फिटर होते. आता माझ्या मागच्या गल्लीत एकटे राहतात. वहिनी गेल्या, मुलगा पुण्याला. माझा पट्टा जरा चिरकला की चहाचा कप हातात घेऊन भाऊ हजर.

एकदा पट्टा घसरत होता म्हणून मी त्याला राळ चोळली. भाऊंना वासावरूनच कळलं. "ताप आलेल्या माणसाले पावडर लावतो काय बे, सुधाकर? पट्टा बोलून राह्यला, त्याचं तोंड काऊन दाबतो?" दळणाला आलेल्या बाया डबे सावरत हसल्या.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत जनरेटरचा पट्टा किंचाळला आणि भाऊ मांडवामागं गडप झाले. परतले ते शेवटच्या 'सावधान'ला. त्यांच्या ग्रीस लागलेल्या हातातून नवरदेवाच्या फेट्यावर काळ्या अक्षता पडल्या. नवरीची आई भडकली. भाऊ शांत. "लाइट हाये ना पन? फोटो चांगले येतीन."

त्यांचा एक नियम मात्र पक्का. खराब पट्टा क्षणभर ठेवायचा नाही, आणि चांगला पट्टा उतरवायचा नाही. "धडधाकट मानसाले घरी बसोल्यासारखं पाप हाये ते."

या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "काका, बाबांना समजवा. कायमचे इकडे येऊ द्या." मी हो म्हटलं. समजावलंही. भाऊंनी मुकाट्यानं पिशवी भरली.

पुढचं मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी मी पान्हा घेतला, मोटरचे बोल्ट ढिले करून पट्टा सैल पाडला आणि चक्की सुरू केली. लेक बापाची वाट पाहतोय, हे मला ठाऊक होतं. तरी केलं. पट्टा असा ओरडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

भाऊ पिशवीसकट आले. मशीन बंद. अंगठा. मग बोल्टावरचे पान्ह्याचे ताजे ओरखडे दिसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठाकडे पाहत राहिलो.

"दोन्ही पट्टे बदला लागतीन," ते म्हणाले.

पट्टे दिवाळीतलेच होते. त्यांनीच बसवलेले, धडधाकट.

"अन् नवा पट्टा सुरुवातीले ताणते. जमेपर्यंत कोनी पाहाले पायजे ना बे." बोलता बोलता त्यांनी पिशवी पायानंच दळणाच्या डब्यांमागं सरकवली.

त्याला आता पावसाळा उलटला. पट्टे केव्हाचेच जमलेत. तरी रोज सकाळी भाऊ येतात, मी चक्की बंद करतो, ते अंगठा ठेवतात. तेवढ्यात मुलाचा फोन येतो.

"नाही रे बापू," भाऊ माझ्याकडे पाठ करून सांगतात, "अजून ताणूनच राह्यला."