शांतता क्षेत्रातले एक श्रवणयंत्र

ज्याला दूरचे ऐकायचे आहे, त्याने आधी जवळच्यांना गप्प करावे, हे विज्ञानाचे मूलतत्त्व आहे. रेडिओ वेधशाळेच्या एकोणतीस जाळीदार तबकड्या आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज ऐकायला बसल्या आहेत. ही कुजबुज इतकी क्षीण, की शिंप्याने विजेचे शिलाई मशीन सुरू केले तरी एखादी दीर्घिका बुडते. म्हणून भोवतालचे अठरा किलोमीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि त्यावर एक गोंगाट-निरीक्षक नेमला गेला.

निरीक्षक सज्जन आणि कामाचा पक्का. एका हातात अँटेना, दुसऱ्यात मीटर. गेल्या वर्षी त्याने पकडलेला गोंगाट असा: शिलाई मशिनी सात, बिघडलेल्या ट्यूबलाइट तेहतीस, दारावरच्या घंटा एकवीस, केस कापायचे विजेचे यंत्र एक (न्हावी आता कात्रीवर आला असून गिऱ्हाइकांचे केस रांगेतच पांढरे होतात). संचालकांच्या खोलीतला एसीही खरखरतो; पण तो 'वैज्ञानिक उपकरण' म्हणून नोंदलेला आहे.

एका मंगळवारी निरीक्षक जेवायला घरी आला, तर मीटर बंद करायचा राहिलेला. उंबरठ्यातच काटा उडाला. गोंगाट स्वयंपाकघरात बसून भाजी चिरत होता.

आईच्या उजव्या कानात नवे यंत्र होते. सहा वर्षांनी तिला नळाचे ठिबकणे, शेजारणीचे भांडण आणि मुलाचे नुसते 'हं' ऐकू येऊ लागले होते. निरीक्षकाने मीटर खाली ठेवला. मग त्याने नोटिशीचा नमुना क्रमांक नऊ काढला.

"आई, हे काढावं लागेल गं. याच्यामुळे वरचा आवाज अडतोय."

"कुणाचा आवाज?"

"हायड्रोजनचा. आठ अब्ज वर्षांपूर्वीचा."

"इतकी वर्षं थांबला ना? मग अजून चार-पाच थांबेल की. मी काय त्याच्याएवढी जगणार आहे?"

मुद्दा बिनतोड असल्याने सवलत-समितीकडे पाठवण्यात आला. समितीने आईला सुनावणीला बोलावले. आवारात श्रवणयंत्राला बंदी (कलम चार), म्हणून ते फाटकावर जमा करून घेतले. अध्यक्षांनी तीनदा विचारले, "यंत्राशिवाय तुमचं चालेल ना?" ऐकू न येणारी माणसे भिडेखातर करतात तसे आईने तिन्ही वेळा हसून मान डोलावली. 'अर्जदाराची हरकत नाही', अशी नोंद झाली. शेजारी बसलेल्या निरीक्षकाने खाली सही केली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नव्हता.

यंत्र फाटकावरच राहिले. गोंगाट ०.०४ टक्क्यांनी घटला, संचालकांचा सत्कार झाला आणि हाच निर्णय सगळ्या क्षेत्राला लावण्यात आला. एकूण एकशे बारा घरांतली यंत्रे जमा झाली. हायड्रोजन अद्याप काही बोललेला नाही.

वेधशाळा निष्ठुर नव्हे. सहा महिन्यांनी तिने रीतसर पाहणी केली. 'घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू येत नाही, हे आपल्या कधी लक्षात आले?' एकशे नऊ घरांनी लिहिले: 'आत्ता, तुम्ही विचारल्यावर.' निरीक्षकाने मात्र 'पहिल्याच दिवशी' असे लिहिले. जेवताना आई अजून विचारते, "आज काय ऐकलंस रे?" तो सांगत बसतो, ती हसते.

आधीच लक्षात आलेल्या उरलेल्या दोन घरांत आपले घर नक्की असणार, असे वाचकाला वाटत असेल. त्या एकशे नऊ घरांनाही, प्रश्न येईपर्यंत, असेच वाटत होते.