दुसऱ्या रकान्यातली माणसे

पालिकेच्या मोठ्या मॅडमचा फोन आला तेव्हा पट्टीसाहेब कचेरीच्या खिडकीत उभे राहून स्वतःचे कर्तृत्व न्याहाळत होते. तिसऱ्या मजल्यावरून ते फार छान दिसे. हिरव्या रंगाचे, दोन मीटर रुंद आणि सव्वा किलोमीटर लांब.

"दुपारी एक वाजता तुमचा सायकल ट्रॅक बघायला येतेय," मॅडम म्हणाल्या. "दुकानदार रोज माझं डोकं खातायत. त्यांना तिथं पार्किंग हवंय. आणि तुमच्याच नोंदवहीत दिवसाला चार सायकली दिसतात. चार! अर्धा तास उभी राहीन. सायकली दिसल्या तर ट्रॅक राहील, नाहीतर पुसून टाकू."

"दिसतील की, मॅडम! रांग लागेल," असे म्हणून पट्टीसाहेबांनी फोन ठेवला आणि मग घड्याळ पाहिले.

पट्टीसाहेब पालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढत. खिशात कायम स्टीलची पट्टी असे, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षांत त्यांनी दोन पूल, एक तरणतलाव आणि कारंज्यासकट एक बाग काढली होती आणि ते सगळे आजही कपाटावर गुंडाळ्या करून सुखरूप होते. कागदावरून रस्त्यावर उतरलेली गोष्ट एकच, हा ट्रॅक. घरी पाहुणे आले की पट्टीसाहेब त्यांना आधी ट्रॅक दाखवत, चहा नंतर. तो पुसला गेला असता तर निवृत्तीच्या दिवशी स्वतःबद्दल काय सांगायचे, हा प्रश्नच होता. दीड वर्षावर आलेली ती निवृत्ती त्यांना आताच जड वाटू लागली.

अडचण एकच्या वेळेची होती. जेवणाच्या वेळेला ट्रॅकवर डिलिव्हरीवाल्यांचे राज्य असे. खाण्याची सगळी दुकाने कचेरीच्या बाजूला, त्यामुळे पाठीवर चौकोनी पेट्या बांधलेली माणसे तिथून सुसाट सुटत. पट्टीसाहेब रोज खिडकीतून मोजत. त्यांच्या नोंदवहीत दोन रकाने होते. पहिला 'सायकलस्वार', दुसरा 'अडथळे'. दुसऱ्यात उभ्या केलेल्या गाड्या, विटांचे ढीग, झोपलेली कुत्री आणि पेटीवाले. कालची नोंद होती चार आणि एकाहत्तर.

"एक वाजता हे सगळे दुसरीकडे कुठंतरी अडकले पाहिजेत," ते हेडक्लार्क बाईंना म्हणाले.

"सोपं आहे," फाइलमधून डोके वर न काढता बाई म्हणाल्या. "आपणच अडकवू. सगळ्यांनी एकदम जेवण मागवायचं, आणि पत्ता द्यायचा लांबचा. पुलाजवळचं आपलं सामानाचं जुनं स्टोअर आहे ना, तिथला."

"आणि आपण जेवायचं काय?"

"तिथला पहारेकरी ठेवून घेईल, नंतर घेऊन या की तुम्ही. ट्रॅक तुमचा आहे."

पट्टीसाहेबांनी "आज जेवण माझ्याकडून" अशी घोषणा केली. खात्यात इतकी एकजूट त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. बारा चाळीसला अठरा जणांनी अठरा फोनवर एकाच वेळी बोट दाबले.

आता उरल्या सायकली. गावात सायकलवाल्यांचा एक क्लब होता. त्याच्या अध्यक्षांना पट्टीसाहेबांनी गळ घातली.

"एक वाजता? उन्हात?" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही पहाटे जातो हो. आणि तेही हायवेनं."

"हायवेनं? मग आमचा ट्रॅक?"

"त्याच्यावर रिस्क आहे फार."

पट्टीसाहेबांनी 'कसली रिस्क' असे विचारले नाही. उत्तराने काम वाढणार असेल तर प्रश्न विचारू नये, ही आम्हा कचेरीतल्या माणसांची जुनी सवय. त्यांनी ठरवले, आपणच चालवायची. आधी हेल्मेट घालून, मग टोपी घालून, मग नुसत्या डोक्याने. लांबून मॅडमना तीन माणसे वाटतील. उद्घाटनाच्या फोटोसाठी खात्याने एक सायकल घेतली होती. ती जिन्याखाली होती, सीटवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. शेवटची सायकल चालवून तीस वर्षे झाली होती, तेव्हा धीर यावा म्हणून त्यांनी बायकोला फोन केला.

"सायकल चालवायला माणूस विसरत नाही म्हणतात. खरं ना?"

"विसरायला आधी यावी लागते," बायको म्हणाली. "लग्नाआधी मला पुढं बसवून निघालात आणि सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरलात. तिथं दाढीला बसलेल्या माणसाच्या अर्ध्या मिशा गेल्या. आज काय काढलंय हे?"

"कामाचा भाग आहे."

"हेल्मेट घाला. आणि विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते सांगून जा."

बरोबर एक वाजता मॅडम आल्या आणि ट्रॅकच्या मध्यावर, विजेच्या खांबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. ट्रॅकवर खांब कसा, असे कोणी विचारेल. नकाशात खांब नव्हता. वीजवाले तो हलवणार होते, तसे पत्रही आले होते, म्हणून पट्टीसाहेबांनी त्याला पत्र आले त्याच दिवशी खोडरबराने पुसले होते. खांबाला मात्र कोणी कळवले नव्हते.

पट्टीसाहेब निघाले. पहिली दहा-पंधरा मीटर सायकल त्यांना नेत होती, मग तेही तिला थोडेफार नेऊ लागले. ट्रॅक लख्ख मोकळा होता. एक पेटी नाही, एक गाडी नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी विनाकारण घंटी वाजवली.

मागून उत्तर आले. एक घंटी, मग दुसरी, मग एकदम घंट्यांचा नुसता गजर. पट्टीसाहेबांनी मान वळवून पाहिले. खाण्याच्या दुकानांकडून पेट्यांची फौज त्यांच्या दिशेने येत होती. दुकाने ट्रॅकच्या या टोकाला, स्टोअर त्या टोकाला, आणि दोन्ही टोके सरळ जोडणारा गावातला एकमेव रस्ता म्हणजे हा ट्रॅक. तो तसा जोडला होता पट्टीसाहेबांनीच, पट्टी लावून. आपल्याच नकाशात आपणच सापडावे, असे त्यांचे झाले.

मागे बघण्याच्या नादात पुढे गटाराची जाळी आली. जाळीच्या फटी ट्रॅकला समांतर होत्या, कारण कागदावर तशा नीटनेटक्या दिसत होत्या. पुढचे चाक एका फटीत अलगद बसले, सायकल जागच्या जागी थांबली आणि पट्टीसाहेब तेवढे पुढे गेले. ते मॅडमच्या पायांपाशी, खांबाला मिठी मारून थांबले.

मागची फौज त्यांच्यावर आदळणार म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले. पण कोणीच आदळले नाही. सगळे जाळीपाशी डावीकडे झुकले, खांबापाशी उजवीकडे झुकले आणि पाणी दगडाला वळसा घालते तसे निघून गेले. एक तेवढी थांबली. चाळिशीची बाई, डोक्याला हेल्मेट, पाठीवर पेटी.

"काका, लागलं का? उठू नका लगेच. पहिल्यांदाच दिसताय ट्रॅकवर."

"हो," पट्टीसाहेब म्हणाले.

"नवीन माणूस इथं पडतोच. ही जाळी अशी उभी कुणी शहाण्यानं बसवलीय, देव जाणे." तिने फोन काढला. "एक मिनिट हं, कस्टमरला सांगते, उशीर होतोय म्हणून."

तिने नंबर लावला आणि पट्टीसाहेबांच्या खिशात फोन वाजू लागला. तो न उचलणेच शहाणपणाचे होते, पण सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

"हॅलो," ते जमिनीवरून म्हणाले.

"सर, तुमची ऑर्डर घेऊन निघालेय, पण रस्त्यात एक काका पडलेत..." बाई बोलता बोलता थांबली. तिने फोनकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले.

मॅडमनीही पाहिले. "तुम्ही जेवण मागवलंत? आत्ता? कुठं?"

पट्टीसाहेबांकडे आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी खांबाला टेकून सगळे सांगितले, हेल्मेट-टोपीच्या बेतासकट.

"म्हणजे सायकली दिसाव्यात म्हणून तुम्ही या लोकांना ट्रॅकवरून हटवत होतात?"

"हो मॅडम. हे अडथळे आहेत."

"अहो, पण तुमचे अडथळे सायकलवर बसलेत!"

पट्टीसाहेबांनी निघून गेलेल्यांच्या पाठीकडे पाहिले. दोन-तीन स्कूटर सोडल्या तर खरेच सगळ्या सायकली होत्या. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना रोज पेट्या दिसल्या होत्या. पेटीखाली काय आहे, हे बघायचे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

"एवढ्यात सोळा मोजल्या मी," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही लिहिता, दिवसाला चार?"

"त्यांच्या पाठीवर पेटी असते, मॅडम. ते दुसऱ्या रकान्यात येतात."

पेटीवाल्या बाईला हसू आले, पण तिने कोपर पुढे केले. त्यावर टाक्यांची लांब खूण होती. "हे मागच्या महिन्यातलं. तिकडं दुकानासमोर गाडीचं दार उघडलं अचानक. सहा टाके पडले, आठ दिवस घरी. आमच्यातला एक तर खांबावर आपटून दोन महिने बसून होता. या रकान्याचं काय करायचं, सर?"

पट्टीसाहेबांना फुटलेल्या गुडघ्यापेक्षा हे जास्त लागले. आपल्या ट्रॅकवर माणसे पडत होती, रक्त येत होते, आणि आपण वरून त्यांना विटांच्या ढिगाबरोबर मोजत होतो. त्यांना मनापासून लाज वाटली.

"तो शहाणा मीच," ते म्हणाले. "जाळीवाला."

"मग एकदा चालवून बघायचा होता, काका," बाई म्हणाली. ती रागाने बोलली असती तर बरे वाटले असते.

मॅडमनी निकाल दिला. ट्रॅक राहणार होता. पण आठ दिवसांत खांब हलायचा, जाळ्या फिरायच्या, आणि कुठे काय चुकले ते या बाईंना विचारून नव्याने काढायचे. "आणि काढण्याआधी," मॅडम म्हणाल्या, "सायकलवरून बघायचं. खिडकीतून नाही."

ट्रॅक वाचला होता. पट्टीसाहेब आनंदाने लंगडत उठले, तेवढ्यात हेडक्लार्क बाईंचा फोन आला. "साहेब, सगळी माणसं उपाशी बसलीत. जेवण कधी येणार?"

पेटीवाली बाई त्यांना स्टोअरपर्यंत घेऊन गेली. अठरा पाकिटे हातात नेणे शक्य नव्हते. "माझी पेटी घ्या," ती म्हणाली. "तोवर मी इथं सावलीत डबा खाते. सांभाळून आणा मात्र, आणि पाठ सरळ ठेवा, नाहीतर सांडतं."

पट्टीसाहेब पेटी पाठीवर घेऊन, जाळीतून सोडवलेल्या सायकलवरून ट्रॅकवर आले. एक बस कोपराला वारा घालून गेली. एका गाडीचे दार उघडता उघडता राहिले. एक गृहस्थ ट्रॅकच्या मधोमध उभे राहून फोनवर बोलत होते. घंटी वाजवली तर ते म्हणाले, "दिसत नाही का?" जाळीपाशी पट्टीसाहेब डावीकडे झुकले, खांबापाशी उजवीकडे झुकले. घामाने डबडबून, फाटक्या पँटने, पण काहीही न सांडता ते कचेरीच्या दाराशी पोहोचले. इतका अभिमान त्यांना नकाशा मंजूर झाला त्या दिवशीही वाटला नव्हता.

दारावरचा वॉचमन अकरा वर्षे रोज सकाळी त्यांना सलाम करत असे. त्याने मोबाइलवरून नजर अर्धवट उचलली, ती पेटीपर्यंत आली आणि परत खाली गेली.

"डिलिव्हरी मागच्या गेटनं."

"अरे, मी..."

"सगळे हेच म्हणतात. मागच्या गेटनं."

पट्टीसाहेबांनी हेल्मेट काढायला हात वर नेला, आणि तो तसाच खाली आणला. कोणत्या तोंडाने रागवायचे? मागच्या गेटला जायचे तर अख्ख्या इमारतीला वळसा घालून, गर्दीच्या रस्त्याने जावे लागे. तिकडे ट्रॅक नव्हता. काढायचे कधी कोणाच्या मनात आले नव्हते.

खिशात फोन वाजला. "साहेब, अजून किती वेळ?" हेडक्लार्क बाईंचा आवाज चांगलाच चढला होता.

"आलोच ताई, दोनच मिनिटं," पट्टीसाहेब म्हणाले, आणि दहा मिनिटांच्या वळशाला लागले.