आभाराचं कोण बघतंय

इस्लामपूरजवळच्या एका महाविद्यालयात नोकरी मार्गदर्शन कक्षाचं प्रमुखपद कुणाला द्यायचं, यावरून वर्षभर रुसवेफुगवे चालले होते. शेवटी प्राचार्यांनी पदावर डोळा असलेल्या तिन्ही प्राध्यापकांना प्रमुख करून टाकलं. "आता सामूहिक नेतृत्व," ते म्हणाले. "कोण ल्हान न्हाई, कोण मोठं न्हाई." त्यांची डोकेदुखी तेवढ्यावर मिटली.

पहिलीच कंपनी आली ती पुण्याची. जागा एकच होती. मुलाखतीला आलेल्यांत उंब्रजची क्रांती होती. ही नोकरी हुकली तर सोमवारपासून मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. कंपनीच्या वीरधवल साहेबांना चारला परत निघायचं होतं.

मुलाखतींआधी छोटासा सत्कार ठेवला होता. प्रमुख तीन, म्हणून सत्कारही तीन झाले. साहेब तीन शाली पांघरून, मांडीवर तीन नारळ घेऊन बसले. महेंद्र सरांनी प्रास्ताविक केलं, प्रियदर्शनी मॅडमनी परिचय करून दिला, जयराज सरांनी अध्यक्षीय भाषण ठोकलं. राहता राहिले आभार, आणि तिथं गाडं अडलं. आभार मानणं हे काम कायम सगळ्यात धाकट्याचं, आणि धाकटं आता कुणी उरलंच नव्हतं.

"मॅडम, तुमी माना की," महेंद्र सर कुजबुजले.

"आवं, मी परिचय केलाय. जयराज सर हायत की मोकळे."

"अध्यक्षानं आभार मानल्यालं कवा बघितलंय का?" जयराज सर म्हणाले.

आभाराशिवाय कार्यक्रम संपत नाही आणि कार्यक्रम संपल्याशिवाय मुलाखती सुरू होत नाहीत. दुसरा काही मार्ग असू शकतो, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तोवर वेळ भरून काढायला जयराज सर पुन्हा दोन शब्द बोलायला उभे राहिले. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर ड्रायव्हरनं गाडी झाडाखालून काढून दारात आणली.

ते बघून क्रांतीला रडूच आलं. मग राग आला, आणि त्या रागातच ती माइकपाशी गेली.

"साहेब आले, आमी आभारी हाय. सरांचे, मॅडमचे आन् माइकवाल्याचे बी आभार. कार्यक्रम संपला. मुलाखतीची खोली डाव्या हाताला हाय."

टाळ्या पडल्या. हिला अधिकार कुणी दिला, यावर तिघा प्रमुखांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मुलाखती भराभर उरकल्या. क्रांतीची पाळी शेवटी आली. साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला.

"मघाशी केलंत, ते पुण्यात जमेल का?"

"काय, आभार?"

"हो," साहेब नारळ गोळा करत म्हणाले. "आमच्या ऑफिसात आम्ही सातजण प्रमुख आहोत. परवाची मीटिंग अजून चालू आहे."