डब्यातलं तेल संपेना

आमच्या भागात मोटारसायकल चालवणारी बाई मी एकटीच, हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. म्हणजे व्हायची.

आमचा घरगुती लाँड्रीचा धंदा. धुण्याचं सासूबाई बघतात, इस्त्रीचं मी, आणि गठ्ठे पोचवायला सासऱ्यांच्या वेळची जुनी मोटारसायकल. तीही मीच चालवायची. नवरा आणि दीर नोकरीवर. गाडीत पेट्रोल कुठून घालतात, यापलीकडे दोघांचं ज्ञान गेलेलं नाही. त्यामुळे किल्ली माझ्या कमरेला आणि मी हवेत.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

आल्याच्या आठवड्यातच ती अंगणात गाडीजवळ उकिडवी बसलेली दिसली. इंजिनाच्या उजव्या बाजूला बटणाएवढी गोल काच आहे, तिच्यावर दोन रेघा आहेत. मला ती काच शोभेची वाटत होती.

"ताई, इंजिनात तेल कमी आहे," ती म्हणाली. "दोन रेघांच्या मध्ये दिसायला हवं."

नेमक्या सासूबाई बादली घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी वाकून काच बघितली, मग धाकटीला बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कॉलर नीट न धुतलेला शर्ट आहे.

"इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण हिने कधी वाकून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून गाडी तू सांभाळ गं. तुला कळतं."

किल्ली माझ्या कमरेवरून धाकटीच्या कमरेला गेली. मी "बरं झालं, माझे हात मोकळे झाले," म्हणाले आणि त्या दिवशी तीन शर्टांची बटणं इस्त्रीखाली वितळवली.

त्यानंतर घरात धाकटीचं कौतुक सुरू झालं ते थांबेना. धाकटी चालवते तेव्हा गाडी कशी गप्प चालते. धाकटी ब्रेक कसा हळू दाबते. माझा नवरासुद्धा म्हणाला, "हल्ली गाडीचा आवाज गोड येतो नाही?" मी त्याला वाढता वाढता हात आखडता घेतला.

शेवटी मी ठरवलं, तेलच बघायचंय ना? मग मीही बघेन, तिच्याआधी बघेन. तेल घालायचं तोंड मला माहीत झालं होतं. तेलाचा डबा कोपऱ्यातल्या फळीवर असायचा. सकाळी सगळे चहात असताना मी अंगणात गेले. गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी होती. काचेत पाहिलं, तर आत तेलाचा थेंब नाही!

मला आतून इतका आनंद झाला की काय सांगू. ही म्हणे गाडी सांभाळते! मी काचेच्या तळाशी तेल दिसेपर्यंत ओतलं आणि काही न बोलता आत आले. गडबड करायची नव्हती. हिच्या हाती गाडी कशी कोरडी पडते, याचा चांगला पुरावा जमू द्यायचा आणि मग एकदाच सासूबाईंपुढे मांडायचा, असा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी बघते, तर काच पुन्हा रिकामी. पुन्हा ओतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. ही गाडी चालवते की तेल पिते, मला कळेना. आणखी एक चमत्कार असा, की मी रोज ओतूनही डब्यातलं तेल कमी होत नव्हतं. ते जरा काळपट दिसायला लागलं होतं एवढंच. माझ्या हातालाच बरकत आहे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली. धाकटीच्या हातात असं काही नव्हतं, हे विशेष.

अशातच टेकडीवरच्या नव्या लॉजचं काम आम्हाला मिळालं. पांढऱ्याशुभ्र चादरी, पहिलीच खेप. आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी धाकटीच्या आईचा पाय मुरगळला. ती माहेरी गेली. माहेर गावातच, पण गेली ती मुक्कामाला. जाताना किल्ली सासूबाईंकडे दिली. सासूबाईंनी ती माझ्या हातात ठेवताना सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला लागला.

सकाळी काच नेहमीसारखी रिकामीच. आज पहिली खेप म्हणून सासूबाईही मागे बसणार होत्या; म्हणजे दोघींचं वजन, वर चादरींचे गठ्ठे, वर चढ. मी हात सैल सोडला. तेल दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये आलं, तेव्हाच डबा खाली ठेवला.

गठ्ठे दोन्ही बाजूंना बांधून आम्ही निघालो. चढ लागला तशी गाडी धापा टाकायला लागली. रस्त्यावरची माणसं हात हलवत होती. मीही एकदोघांना हात केला. इतक्या दिवसांनी मला गाडीवर बघून लोकांना बरं वाटत असणार.

"अगं, मागचं काही दिसत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"टेकडीवर धुकं असतं, आई."

"धुक्याला असा वास असतो?"

मी गिअर बदलला. गाडी लॉजच्या दारात नेऊन थांबवली, तेव्हा ते धुकं आमच्यासोबत आत आलं. लॉजच्या राखणदाराने आमच्याकडे पाहिलं, "गाडी पेटली!" असं ओरडत भिंतीवरची लाल बादली उचलली आणि तिच्यातली सगळी वाळू इंजिनावर, गठ्ठ्यांवर आणि सासूबाईंवर रिकामी केली.

धूर ओसरल्यावर दिसलं, की आग कुठेच नव्हती. इंजिनाच्या एका नळीतून तेल फुरफुरत बाहेर येत होतं आणि उजवीकडचा गठ्ठा ते टिपून घेत होता. त्या तेलावर वाळू छान चिकटली होती. मॅनेजर बाहेर आला, चादरींकडे बघत राहिला आणि म्हणाला, "या धुवून आणल्यात?"

सासूबाईंनी पदर झटकला, फोन काढला आणि माझ्याकडे न बघता धाकटीला लावला.

धाकटी रिक्षाने आली. तिने गाडी ओढून डबल स्टँडवर सरळ उभी केली. काच काठोकाठ काळी झाली. रेघा कुठे दिसेचनात.

"ताई, तेल घातलंत?"

"रोजच्याएवढंच," मी म्हणाले. "जरासं जास्त."

"रोज?" तिचा चेहरा पांढरा पडला. "साइड स्टँडवर बघून? अहो, तिरक्या गाडीत तेल दुसऱ्या बाजूला जातं, काचेत दिसत नाही. म्हणजे ते रोज तुम्ही... मी रोज सिरिंजने जास्तीचं तेल ओढून काढत होते."

"आणि टाकत कुठे होतीस?"

"डब्यात. चांगलं तेल वाया कशाला घालवायचं?"

मला माझी बरकत आठवली आणि मी टेकडीखालच्या देखाव्याकडे बघायला लागले.

"मग घरात सांगायचं नाही का?" सासूबाईंनी तिला विचारलं.

धाकटीचे डोळे भरून आले. "मी हात लावल्यापासून इंजिनात तेल आपोआप वाढायला लागलं, असं कसं सांगू? इस्त्री ताईंची, गिऱ्हाइकं ताईंची, सगळे शब्दाशब्दाला ताईंचं नाव घेतात. म्हटलं, एक गाडी तरी माझी असू दे."

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण शब्दाशब्दाला नेमकं कोण माझं नाव घेतं, हेही विचारावंसं वाटलं.

सासूबाईंच्या केसांतून वाळू गळत होती. "तेल तेच, डबा तोच," त्या म्हणाल्या. "एक ओततेय, एक उपसतेय. आणि मी समजत होते, घरात फक्त एकीलाच कळत नाही."

मॅनेजरने उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. धाकटीने जास्तीचं तेल काढलं, नळी पुसली आणि गाडी हळूहळू उतारावरून खाली आणली. घरी आल्यावर किल्ली सासूबाईंनी स्वतःच्या कमरेला लावली.

आम्ही दोघी अंगणात शेजारी शेजारी बसून डाग चोळायला लागलो. मग धाकटीला हसू आलं, मलाही आलं. तिने मला काचेची गोष्ट नीट समजावून सांगितली: सपाट जागा, गाडी सरळ, इंजिन बंद केल्यावर जरा वेळ थांबायचं, मग बघायचं. मी तिला कॉलरची घडी कशी घालायची ते सांगितलं. खूप बरं वाटलं.

तेवढ्यात तिने चादर उजेडात धरली. डाग पूर्ण निघाला होता. माझी चादर अजून नकाशासारखी दिसत होती. लाँड्रीत इतकी वर्षं घालवलेली मी!

"बघू," म्हणत सासूबाई पुढे आल्या.

"तिच्या चादरीवर तेल कमी होतं," मी म्हणाले.