आपटेंचा कान

या, जरा पुढे सरकून बसा. आणि आधी एक ऐकून घ्या, रागावतेय म्हणून रुसू नका. गणपतीच्या जेवणाला तुम्ही सगळे आमच्या आपटे भावजींना हसलात ना? "हातोडीवाले काका" म्हणून? माझ्याच हातचे मोदक खाऊन वर हसलात. मला नाही आवडलं.

हसण्यासारखं आहे, हे मीही कबूल करते. इथं वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागात ते आमच्या शेजारी राहतात, बायको वारल्यापासून एकटेच, आणि हा माणूस दिसेल ती वस्तू वाजवून बघतो. खिशात कायम वीतभर हातोडी. कोपऱ्यावरच्या दुकानातलं कलिंगड बोटानं, आमचा ड्राइव्हवे हातोडीनं, माझ्या नातवाच्या वाढदिवसाचा केक चमच्यानं. केकवर टकटक करून म्हणाले, "मधे कच्चा आहे." सून तीन दिवस बोलली नाही. कच्चाच होता, ते सोडा. नाव आपटे आणि धंदा ठोकायचा! कुणाच्या लग्नाची बोलणी निघाली तरी यांचं पालुपद एकच: "वाजवून घ्या, वहिनी. दिसण्यावर जाऊ नका."

धंदा खरंच तोच. जुनी धरणं तपासायचे. त्यातही सांडवा, म्हणजे धरण भरलं की जादा पाणी ज्या काँक्रीटच्या उतारावरून सोडतात ना, तो. वरून छान दिसतो, आतून कधी सुटत जातो कळत नाही. म्हणून हातोडी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत पोकळ. भावजी ठोकणार, ठीक असेल तिथं खडूनं बरोबरची खूण करणार, आणि हाना नावाची त्यांच्या ऑफिसातली मुलगी लिहून घेणार. हानानं कधी काही विचारलं नाही. आपटेंचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

एका सकाळी हाना आजारी पडली. एकट्यानं सांडव्यात उतरायचं नाही असा नियम, आणि दुसऱ्या दिवसापासून धो धो पावसाचा अंदाज. भावजी दारात. "वहिनी, चलता का? नुसतं कडेला उभं राहायचं. पडलो तर ओरडायचं."

"ओरडायला मी एक नंबर," म्हटलं, आणि गेले. हेल्मेट काही माझ्या अंबाड्यावर बसेना, ते वेगळंच.

सांडवा कोरडा होता. खाली दरीत पत्र्याची छपरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एक शाळा. भावजी ठोकत होते, खुणा करत होते. मी ऐकत होते. खण. खण. खण. बद्द.

त्यांनी बरोबरची खूण केली.

"अहो भावजी, ते बद्द वाजलं."

"तुम्हाला काय कळतंय?" हसले. पुन्हा मारली. बद्द. पुन्हा खूण.

आता बघा, मी शिकलेली नाही, पण चाळीस उन्हाळे माठ वाजवून घेतलेत मी. सरळ आत गेले, त्यांच्या हातातून हातोडी ओढली आणि एकदा इथं, एकदा तिथं मारली. "हे ऐका. आणि हे ऐका. सारखं आहे का?"

ते खाली बसले. त्या काँक्रीटवरच. खालच्या छपरांकडे बघितलं.

"मला दोन्ही सारखंच ऐकू आलं, वहिनी."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. दीड. मला वाटलं, हातोडी बदलली म्हणून." मग एकेक धरणाचं नाव घेऊ लागले. वर्ष-दीड वर्षात ज्या ज्या सांडव्यावर बरोबरची खूण केली होती, ते सगळे. प्रत्येक नावानंतर थांबायचे, आणि खाली कोण राहतं ते सांगायचे. इथं कॅम्पिंगचं मैदान. इथं गोठा. मला शेवटी ऐकवेना.

मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे, भावजी?" हो, म्हटलं मी. लाज वाटते आता. नोकरी जाईल त्यांची, एवढंच डोक्यात होतं.

माझ्याकडे असं बघितलं त्यांनी की बस. गाडीत बसल्या बसल्या ऑफिसला फोन लावला. स्वतःच्या तोंडानं सांगितलं: माझा कान गेलाय, मी वाजवलेलं सगळं पुन्हा वाजवून घ्या.

पुढं हानानं वाजवलं. त्या सांडव्याखाली एक खोलीभर पोकळी निघाली. तलावाचं पाणी उतरवलं, काम चालू आहे. बाकीच्यांपैकी दोन अजून तपासायचेत, आणि पाऊस लागला की भावजी व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात. ऑफिसनं "थँक्स हीप्स", म्हणजे खूप खूप आभार, असं लिहिलेला निरोपाचा केक दिला. तो त्यांनी वाजवला नाही. त्यानंतर तिकडून फोन नाही.

कानाचं मशीन आणलंय. पण ते खणात. मी ओरडले, "एवढं महागाचं, घाला की!"

तर म्हणाले, "घातलं ना. फ्रिज ऐकू येतो. घड्याळ ऐकू येतं. सुधा गेल्यापासून घर किती गप्प आहे, हे मला ठाऊकच नव्हतं हो."

कुणी आलं ना, की मात्र घालतात. मी गेले की घालतात, मी उठले की काढून ठेवतात. पण मी एकटी किती बोलणार? म्हणून सांगते, या. शनिवारी या. सरळ त्यांच्याकडेच जा, दार उघडंच असतं, मी चहा तिकडे आणते. पुन्हा कधी वेलिंग्टनला आलं की बघू, असं नका म्हणू. या शनिवारीच या.