सुकाणूची पाचर

समजा, तुम्ही एका जुन्या शिडाच्या होडीत बसला आहात. खाली मानोरा गावाजवळच्या तलावाचं पाणी, पायाशी मेथी-सांबाराची टोपली (कोथिंबिरीला आपल्या भागात सांबारच म्हणतात), आणि समोरच्या काठावर आठवडी बाजार. होडीच्या मागे एक फळी पाण्यात उतरलेली असते. ती म्हणजे सुकाणू. तिचा दांडा वळवला की होडी वळते. बसलात? मग काठ घट्ट धरा, कारण हे सुकाणू पुंजाजींनी दुरुस्त केलेलं आहे.

कुणा हौशी माणसानं ही होडी तलावावर आणली आणि हौस फिटल्यावर पुंजाजींच्या मळ्याकाठी सोडून दिली. रस्त्यानं वळसा घालून जाताना भाजी उन्हानं माना टाकायची, म्हणून पुंजाजी ती होडीनं नेऊ लागले. पण दांड्याचं भोक झिजलं, सुकाणू खिळखिळं झालं, आणि मागच्या बाजारी होडी थेट काठावरच्या बेशरमाच्या झुडपात शिरली.

"आज भाजी सुकली, तर ह्या होडीची म्हशीले गव्हाण करीन," त्यांच्या बायकोनं, पंचफुलाआजीनं बजावलं.

पुंजाजींचा होडीवर भारी जीव. "कायले चिंता करून राह्यली? कुदळीचा दांडा ढिला झाला का आपण काय करतो? बाभळीची पाचर ठोकतो अन् पाण्यात भिजू घालतो. लाकूड फुगते, मंग दांडा जागचा हालत नाई."

त्यांनी भोकात पाचर ठोकली, दांडा वळवून पाहिला. जरा जड, पण वळला. पुंजाजी, आजी आणि नात सुचिता निघाले.

वारा छान होता. अर्ध्या तलावापर्यंत होडी शहाण्यासारखी गेली. तिथं पुंजाजी दांडा डावीकडे-उजवीकडे करत असताना तो एका बाजूला राहिला, तो राहिलाच. पाचर पाणी पिऊन टम्म फुगली होती. होडी डावीकडे वळली. मग आणखी डावीकडे. मग बाजार मागे गेला आणि पुन्हा समोर आला.

"हे काय करून राह्यले तुमी?" आजीनं विचारलं.

"दांडा पक्का बसला."

"कुदळीचा दांडा हालाले नाई पाह्यजे. हा हालाले पाह्यजे ना!"

पुंजाजींनी लाथ मारून पाहिली. पाचर अस्सल बाभळीची होती. होडी गोल गोल फिरत राहिली, प्रत्येक फेरीत शीड पुंजाजींची टोपी उडवू लागलं.

"उतरा अन् ढकला," आजी म्हणाली.

"पोहता तर मले मासोळीवानी येते. पण आज सदरा धुतलेला हाय."

मेथीनं एक पान खाली टाकलं. आजीनं होडीकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुंजाजींना तिच्यात कडबा दिसू लागला.

सुचिता मघापासून पाण्याकडे पाहत होती. "आबा, जोडीतला एक बैल मांगं राह्यला, तर बंडी कोनीकडे वळते?"

"त्याच्याच अंगानं."

"मंग उजव्या अंगाले मांगं वढनारं कायी बांधा."

होडीत दोरी होती आणि जड म्हणावी अशी एकच वस्तू होती. टोपलीवर फडकं घट्ट बांधून ती दोरीनं उजवीकडे पाण्यात सोडली. टोपली मागे ओढू लागली, होडीचं वळण सुटलं, आणि ती तिरकी-तारकी का होईना, बाजाराच्या काठाला लागली.

बाजारात सगळ्यांची भाजी मलूल पडली होती. आजीची मेथी मात्र पाण्यानं निथळत, टवटवीत उभी. बायकांनी ती हातोहात नेली. शेवटी एकीनं टोपलीसुद्धा मागितली आणि आजीनं तीही देऊन टाकली.

"मी म्हनलं नोतं?" पुंजाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पाचर अशी ठोकली, का भाजी ताजी राह्यली पाह्यजे. गव्हाण विसर आता."

"विसरली," आजी म्हणाली. "चाला घरी."

तिघं होडीत बसले. सुचितानं सुकाणूकडे पाहिलं, ते अजून डावीकडेच होतं. तिनं मोकळी दोरी पाहिली, टोपलीची रिकामी जागा पाहिली. मग आबांकडे पाहिलं.

"आबा, सदरा काढून ठेवा," असं म्हणत ती त्यांच्या कमरेला दोरी बांधू लागली.